ढालकिड्याच्या ठिपक्यांमागे लागलेला माणूस, ज्याने चीनमध्ये जीन्सचं विज्ञान वाचवलं

अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. विशी-पंचविशीतला धडधाकट खेळाडू मैदानात धावता धावता कोसळतो. व्यसन नाही, कोलेस्टेरॉल नाही, रक्तवाहिनीत ब्लॉकेज नाही. शवविच्छेदन होतं तेव्हा कळतं की त्याच्या हृदयाचा स्नायूच नको तितका जाड झाला होता. आणि मग घरातल्या कुणाला तरी आठवतं की धाकटा काकाही असाच अचानक गेला होता.

या आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. त्याचं एक भावंडही आहे, डायलेटेड कार्डिओमायोपथी. त्यात हृदय फुग्यासारखं ताणलं जातं, भिंती पातळ पडतात आणि पंप हळूहळू थकत जातो. पहिला आजार बहुतेक वेळा घराण्यातून येतो, दुसराही बऱ्याचदा तसाच येतो. आईवडिलांपैकी एकाकडून एक बिघडलेली प्रत आली तरी पुरते. म्हणजे बाधित माणसाच्या प्रत्येक मुलामागे धोका निम्मा, नाणं उडवल्यासारखा.

चीनमध्ये ८,०८० प्रौढांची इको तपासणी करून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात जाड हृदयाचे १३ जण सापडले. आकडा चिमुकला वाटतो. पण चीनच्या लोकसंख्येला त्याने गुणलं की किमान दहा लाख रुग्ण होतात, आणि त्यातल्या कित्येकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताही नसतो.

या लोकांच्या जीन्समध्ये नेमकं काय बिघडलंय हे शोधायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे आनुवंशिकतेचं विज्ञान जाणणारी माणसं, आणि दुसरी म्हणजे त्या घराण्यांच्या रक्ताचे नमुने. चीनमध्ये एक काळ असा होता की पहिली गोष्ट शिकवायलाच बंदी होती. नंतर एक काळ असा आला की दुसरी गोष्ट देशाबाहेर चालली होती. या दोन्ही वेळी मध्ये उभा राहिलेला माणूस एकच होता. नाव तान जियाझेन.

गंमत म्हणजे हृदयाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली ती एका किड्याच्या पाठीवरचे ठिपके बघण्यात.

तान यांचा जन्म १९०९ सालचा, झेजियांग प्रांतातल्या निंगबो भागातला. वडील टपाल खात्यात कारकून. शिक्षण मिशनरी शाळांमध्ये झालं, पुढे सूचोऊच्या विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेतली. एमएससाठी ते तेव्हाच्या पेकिंगमधल्या येनचिंग विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांना ली रूची नावाचे गुरू भेटले.

ली हे अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन यांच्या हाताखाली पीएचडी करून आले होते. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांसारख्या माश्या बाटल्यांमध्ये वाढवून, जीन्स गुणसूत्रांवर ओळीने बसलेले असतात हे दाखवून देणारे ते हेच मॉर्गन. ली यांनी तानना माशी दिली नाही, ढालकिडा दिला.

ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड. लाल-केशरी पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, मावा फस्त करणारा शेतकऱ्यांचा मित्रकीटक. आशियात याची एक जात आहे, हार्मोनिया ॲक्सिरिडिस, आणि तिच्या पाठीवरचे नमुने इतक्या तऱ्हेचे असतात की पाहणाऱ्याला ते वेगवेगळे किडे वाटावेत. कुणी केशरी आणि त्यावर एकोणीस ठिपके, कुणी कोरा केशरी, कुणी काळाकुट्ट आणि त्यावर दोनच लाल डाग. हे नमुने पुढच्या पिढीत कसे जातात, हा तान यांच्या प्रबंधाचा विषय.

तो प्रबंध पॅसाडिनाला, मॉर्गन यांच्या कॅलटेकमधल्या प्रयोगशाळेत पोहोचला. तिथे थिओडोसियस डोबझान्स्की नावाचे रशियातून आलेले शास्त्रज्ञ होते आणि योगायोगाने त्यांनीही तरुणपणी ढालकिड्यांवरच काम केलं होतं. १९३४ मध्ये तान अमेरिकेला रवाना झाले. मॉर्गनना त्याच्या आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं. जीन्सवर काम करणाऱ्या माणसासाठी तेव्हा जगात याहून चांगली जागा नव्हती.

१९३६ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तान डॉक्टरेट झाले. तिथे राहून पुढे काम करता आलं असतं. ते १९३७ मध्ये परत आले. परतले तेच युद्धात.

झेजियांग विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि काही महिन्यांतच जपानी फौजा हांगझोऊच्या दारात आल्या. कुलगुरू झू केझेन यांनी अख्खं विद्यापीठ उचललं. विद्यार्थी, प्राध्यापक, त्यांचे संसार, पुस्तकांच्या पेट्या, सूक्ष्मदर्शक, सगळं घेऊन हा तांडा टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकत राहिला. दोन-अडीच वर्षं आणि हजारो किलोमीटरचा प्रवास करून तो गुइझोऊ प्रांतातल्या डोंगराळ भागात पोहोचला. विज्ञान शाखेच्या वाट्याला आलं मेइतान नावाचं लहानसं गाव. तान यांची प्रयोगशाळा थाटली गेली एका घराण्याच्या पडक्या पूर्वज-मंदिरात.

तिथे वीज नव्हती. पण आजूबाजूला शेतं होती, आणि शेतात ढालकिडे होते.

तान पुन्हा ठिपक्यांकडे वळले. १९४४ मध्ये त्यांच्या हाती जे लागलं, ते समजायला शाळेतला मेंडेल आठवावा लागेल. वाटाण्यात उंच आणि बुटक्याचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे उंच होतात, बुटकेपणा लपून बसतो. एक जिंकतो, दुसरा दबतो. ढालकिड्यात मात्र असं होत नव्हतं. दोन वेगळ्या नमुन्यांच्या किड्यांचं पिल्लू दोघांपैकी कुणा एकासारखं निघत नव्हतं.

समजा, दोन लाकडी ठसे आहेत. दोन्ही काळ्या रंगात बुडवून एकाच कापडावर एकावर एक उमटवले, तर पहिल्याचा काळा भागही दिसेल आणि दुसऱ्याचाही. ढालकिड्याच्या पाठीवर हेच होत होतं. एकाच जीनच्या दोन आवृत्त्या आपापल्या जागी काळा रंग टाकत होत्या, कुणीच कुणाला दाबत नव्हतं. तान यांनी याला मोझेक प्रभाविता असं नाव दिलं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या जेनेटिक्स या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला आणि जगाचं लक्ष गेलं. पडक्या मंदिरात केलेलं काम आनुवंशिकतेच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचलं होतं.

मेइतानच्या त्या दिवसांतला एक विद्यार्थीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. टी. सी. शू. ते पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रं सुटी-सुटी बघण्याची युक्ती शोधली. तिच्याच आधारे १९५६ मध्ये ठरलं की माणसात गुणसूत्रं ४८ नसून ४६ असतात. शू यांनी स्वतः मात्र ४८ हाच जुना आकडा धरून ठेवला होता. नशीब असंही असतं.

१९४८ साली तान स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेला गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच मॉस्कोत ट्रोफिम लायसेंको या कृषितज्ज्ञाने स्टालिनच्या पाठिंब्यावर जाहीर करून टाकलं की मेंडेल आणि मॉर्गन यांचं विज्ञान खोटं आहे, भांडवलशाही आहे, जीन नावाची काही वस्तूच नाही. त्याच्या मते परिस्थिती बदलली की सजीव बदलतो आणि तो बदल थेट पुढच्या पिढीत उतरतो. सोव्हिएत प्रयोगशाळा बंद पडल्या, माणसं नोकरीवरून गेली.

चीनमधला यादवी युद्धाचा निकाल तेव्हा दिसू लागला होता. नवी राजवट सोव्हिएत रशियाच्या पावलावर पाऊल टाकणार हेही दिसत होतं. मॉर्गनचा विद्यार्थी म्हणून तान यांची तिथे काय गत होईल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको होता. तरी ते मायदेशी परतले.

१९५२ मध्ये विद्यापीठांची फेररचना झाली आणि तान शांघायच्या फुदान विद्यापीठात आले. जीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, पण त्यांचा स्वतःचा विषय सोडून. मेंडेल-मॉर्गन यांची आनुवंशिकी शिकवायला मनाई झाली. अभ्यासक्रमात लायसेंको आला. चिनी भाषेत जीनला जी-यिन म्हणतात. उच्चार इंग्रजीच्या जवळचा आणि अर्थ साधारण मूळ कारण असा. ते मूळ कारणच वर्गाबाहेर काढलं गेलं.

याचा परिणाम फक्त पिकांवर झाला असं समजू नका. जीन नाही म्हटलं की घराण्यातून येणारा आजार ही कल्पनाच लुळी पडते. एका घरातले तीन जण चाळिशीच्या आत हृदय थकून गेले, तर त्याची वंशावळ मांडून बघायचं शिक्षण डॉक्टरला मिळणार कुठून?

तान यांनी उघड बंड केलं नाही. पण आपलं आधीचं काम चुकीचं होतं असंही ते म्हणाले नाहीत. शक्य तिथे गप्प राहिले, शक्य तिथे वाद घातला. हे शौर्य वाटतं का, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न. पण त्या काळात गप्प राहून पुस्तकं जपणं ही सुद्धा सोपी गोष्ट नव्हती.

वारं फिरलं ते १९५६ मध्ये. रशियातच लायसेंकोची पकड ढिली झाली आणि ऑगस्टमध्ये चिंगदाओ या समुद्रकाठच्या शहरात आनुवंशिकीवर मोठी चर्चा भरवली गेली. दोन्ही बाजूंना बोलू द्यायचं असं वरून ठरलं होतं. तान बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चीनमध्ये जीन्सबद्दल मोकळेपणाने बोललं गेलं. पुढच्या वर्षी माओने स्वतः त्यांना भेटून चिंगदाओची हकिकत विचारली आणि काम चालू ठेवायला सांगितलं. १९५८ च्या जानेवारीत तर माओने विमान पाठवून त्यांना हांगझोऊला बोलावून घेतलं.

या ओळखीचा उपयोग झाला. १९५७ च्या मोहिमेत अनेक प्राध्यापकांवर उजवे असा शिक्का बसून त्यांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली, तान त्यातून वाचले. १९६१ मध्ये फुदानला आनुवंशिकी संस्था उभी राहिली. एका माणसाच्या मर्जीवर अख्खं शास्त्र तगून होतं, असं म्हटलं तरी चालेल. आणि मर्जीवर तगलेली गोष्ट किती टिकते, ते लवकरच दिसलं.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. तान यांच्यावर जाहीर सभांमध्ये आरोप झाले, त्यांना कोंडून ठेवलं गेलं. त्यांच्या पत्नी फू मानयुन यांचाही अपमान आणि छळ झाला. तो सहन न होऊन त्यांनी त्याच वर्षी आयुष्य संपवलं. तान यांना पुढे शांघायबाहेरच्या खेड्यात शेतमजुरीला धाडलं गेलं. ज्या शेतात एकेकाळी ते ढालकिडे वेचत, तशाच शेतात आता ते शिक्षा म्हणून राबत होते.

१९७४ मध्ये माओने एका वरिष्ठ नेत्यामार्फत त्यांची विचारपूस केली. पण खरं काम पुन्हा सुरू व्हायला १९७६ मध्ये ती क्रांती संपावी लागली. १९७८ मध्ये चीनची आनुवंशिकी सोसायटी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष कोण? तेच गुरू, ली रूची, वय ८३. तान तेव्हा सत्तरीला टेकले होते. मधली एक पिढी गायब होती. ज्यांनी चाळिशीत प्रयोगशाळा चालवायच्या, त्यांना विषय शिकवलाच गेला नव्हता. तान यांनी जुनी ओळख काढून परदेशी विद्यापीठांचे दरवाजे ठोठावले, तरुणांना बाहेर पाठवलं, फुदानचा विभाग पुन्हा उभा केला.

तिकडे जग पुढे गेलं होतं. १९९० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी कॅनडातल्या एका फ्रेंचभाषक कुटुंबाचा अभ्यास करून जाड हृदयाचं पहिलं आनुवंशिक कारण शोधून काढलं. हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या ओढीने. ते प्रथिन बनवणाऱ्या एमवायएच७ या जीनमध्ये एका अक्षराची चूक होती. एकच अक्षर, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं दगावत होती.

असे शोध लावायचे तर मोठी, एका जागी राहणारी, पिढ्यांचा हिशेब ठेवणारी कुटुंबं लागतात. चीनच्या खेड्यांत अशी कुटुंबं भरपूर. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आणि संस्थांची नजर तिकडे वळली. गावोगावच्या लोकांचं रक्त गोळा होऊन बाहेर जाऊ लागलं. ज्याच्या नसेतून रक्त काढलं, त्याला त्यातून काय शोधलं जाणार आणि त्याचं पेटंट कोण घेणार, याची कल्पना बहुधा नसे.

१९९७ मध्ये, ८८ वर्षांचे होत असताना, तान यांनी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांना पत्र लिहिलं. देशातल्या लोकांचे जीन्स ही संपत्ती आहे, ती अशी वाहून जाऊ देऊ नये आणि त्यावरचं संशोधन देशातच व्हावं, असा त्याचा आशय होता. सरकार हललं. जून १९९८ मध्ये मानवी आनुवंशिक नमुन्यांबद्दलचे नियम आले. परवानगीशिवाय नमुने बाहेर नेता येणार नव्हते. त्याच सुमाराला शांघायमध्ये राष्ट्रीय जीनोम केंद्र उभं राहिलं.

या नियमांना दुसरी बाजूही आहे. ते पुढे आणखी कडक होत गेले, आणि दुर्मीळ आजारांवर देशोदेशींनी मिळून काम करणं त्यामुळे किचकट झालं. पण १९९७ मध्ये प्रश्न नमुने बाहेर वाहून जाण्याचा होता आणि तान यांनी तो थांबवला.

त्याच काळात आणखी एक वाद त्यांच्या दारी आला. १९९८ मध्ये बीजिंगला आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद भरणार होती, अध्यक्ष तान. पण चीनने नुकताच एक कायदा केला होता. गंभीर आनुवंशिक आजार असलेल्या जोडप्यांना मूल होऊ न देण्याच्या अटीवरच लग्न करता येईल, अशी त्यात तरतूद होती. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपैकी काहींनी परिषदेवर बहिष्कार टाकला. परिषद झाली आणि या प्रश्नावर तिथे खास चर्चाही झाली. हृदयाचा आजार घराण्यात असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नव्हता. आजाराचं नाव कळलं म्हणून लग्नच अडणार असेल, तर तपासणीला येईल कोण?

नमुने देशात राहिले आणि शिकलेली पोरंही तयार झाली, तेव्हा कामाला वेग आला. बीजिंगच्या फुवाई रुग्णालयातल्या संशोधकांनी २००५ मध्ये चिनी रुग्णांमधले बिघाड मांडले. एमवायएच७ आणि एमवायबीपीसी३ हे जगभर आघाडीवर असणारे दोन जीन्स चीनमध्येही आघाडीवर निघाले. मात्र त्या जीन्समधली नेमकी चूक बऱ्याचदा त्या त्या घराण्याची स्वतःची असते. म्हणून दुसऱ्या देशाची यादी आणून काम भागत नाही. भारताचंच उदाहरण घ्या. याच एमवायबीपीसी३ मधली २५ अक्षरं गळालेली एक आवृत्ती साधारण शंभरातल्या चार भारतीयांमध्ये असते आणि हृदय निकामी होण्याचा धोका वाढवते, हे २००९ मध्ये समोर आलं. दक्षिण आशियाबाहेरच्या बहुतेक लोकांमध्ये ती सापडतच नाही. इथल्या लोकांचं रक्त तपासलं नसतं, तर ती कळलीच नसती.

तान १ नोव्हेंबर २००८ रोजी शांघायमध्ये वारले. वय ९९. एका लघुग्रहाला त्यांचं नाव आहे.

ढालकिड्याचं कोडं मात्र तेव्हाही अर्धंच सुटलं होतं. नमुने कसे उतरतात हे त्यांनी सांगितलं होतं, पण त्यामागचा जीन कुणालाच माहीत नव्हता. तो सापडला २०१८ मध्ये. जपान आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे काम केलं आणि दोघांचं बोट एकाच जीनवर गेलं, पॅनियर. पाठीवर काळा रंग कुठे चढायचा हे ठरवणारा स्विच.

आता हा पॅनियर जुना ओळखीचा आहे. मॉर्गनच्या त्या फळमाशीत तो हृदयाच्या पेशी घडवायला लागतो. माशीलाही हृदय असतं, पाठीच्या बाजूने जाणारी एक नळी. आणि माणसात त्याचे जे भाऊबंद आहेत ते म्हणजे गाटा४, गाटा५, गाटा६. गर्भात हृदय घडताना इतर जीन्सना चालू-बंद करणारे हे मुकादम. गाटा४ बिघडला तर जन्मतः हृदयाच्या पडद्याला भोक राहू शकतं, हे २००३ पासून माहीत होतं.

२०१० नंतरच्या काही वर्षांत शांघायमधल्याच डॉक्टरांनी अशी चिनी कुटुंबं तपासली, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या हृदय ताणलं जाऊन थकत होतं. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला आलेली डायलेटेड कार्डिओमायोपथी. काही घराण्यांत बिघाड निघाला गाटा४ मध्ये, काहींत गाटा६ मध्ये. ढालकिड्याला ठिपके देणाऱ्या जीनच्याच गणगोतात.

अशा घरात एका रुग्णाची चूक नेमकी कळली की बाकीच्यांची तपासणी सोपी होते. भावाबहिणींचं, मुलांचं रक्त घेतलं जातं. ज्यांच्यात ती चूक आहे त्यांना ठरावीक काळाने इको, ईसीजी, औषधं, गरज पडली तर छातीत बसवायचं धक्का देणारं यंत्र. ज्यांच्यात नाही, त्यांना सांगितलं जातं की आता दरवर्षी यायची गरज नाही.